जुन्या विलायती नाण्यांची पारख



जुनें तें सोनें, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यवहारांत ती पुष्कळदां खरी ठरते. परंतु नाण्यांच्या बाबतींत तिच्यावर विसंबून राहणारा मनुष्य बहुधा फसतो. इंग्लंडच्या शेतांत रोमन अमदानीचीं तांब्याचीं बारीक नाणीं आजहि सांपडतात. तीं सोळा-सतराशें वर्षांचीं असतात. तरी त्यांतलें एखादें झिजलेलें नाणें तेथील बाजारांत एका साध्या जेवणाच्या खर्चांत मिळतें. उलट, १९३३ सालच्या इंग्रजी पेनीला अद्याप शंभर वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत. पण ती लक्षाधीशाला देखील सहजासहजीं मिळावयाची नाहीं. तेव्हां वय आणि मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें पहिल्यानेंच ध्यानांत ठेवलेलें बरें.

हा विषय केवळ कांहीं छंदिष्टांचा आहे, असें मात्र आपण समजूं नये. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं, आजीच्या पेटींत, देवघरांतील करंड्यांत, किंवा एखाद्या मोडक्या दागिन्यांत एखादें विलायती नाणें असण्याचा संभव आहे. कोणाचे पणजोबा आगबोटीवर नोकरीस होते, कोणाचे पूर्व आफ्रिकेंत होते, तर कोणी पहिल्या महायुद्धांत पलटणीबरोबर मेसापोटेमियांत गेले होते. त्यांच्या कनवटीला लागून हीं नाणीं इकडे आलीं. पुढें घरांत लग्नकार्य निघतें, किंवा आजारपण येतें, आणि तें नाणें निघून सोनाराच्या मुशींत पडतें. कधीं त्यांत वितळणाऱ्या सोन्यापलीकडे कांहींच जात नाहीं. कधीं मात्र सोन्याच्या कित्येक पट मोल आणि इतिहासाचा एक पुरावा, दोन्हीहि त्या धुरांत नाहींशीं होतात. या दोहोंतला भेद ओळखतां यावा, एवढ्याकरितां आजचे हे चार शब्द.

जुनें नाणें हातीं आलें म्हणजे त्याला पांच प्रश्न विचारावे. तूं कोण? तुझ्यासारखीं उरलीं किती? तुझी स्थिति कशी? तूं खरें कीं खोटें? आणि तूं आलें कोठून?

प्रथम ओळख. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैप्रमाणेंच इंग्लंडचें जुनें चलनहि दशमान नव्हतें. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पांच शिलिंगांचा क्राउन, अडीच शिलिंगांचा हाफ क्राउन, आणि पेनीच्या चौथ्या हिश्श्याचा फार्दिंग. ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं संपली. नाण्यावरील लेख बहुधा लॅटिन भाषेंत असतो. त्यामुळें नवशिका पहिल्याच पायरीवर अडखळतो. चार्ल्स राजा तेथें ‘कॅरोलस’ होतो, जेम्स ‘जेकोबस’ होतो आणि विल्यम ‘ग्युलिएल्मस’ या नांवानें वावरतो. एवढी नांवें पाठ केलीं तरी अर्धें काम झालें.

दुसरी गोष्ट नाणें पाडण्याच्या रीतीची. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत बहुतेक नाणीं हातोड्यानें पाडीत. खालीं एक ठसा, वर दुसरा ठसा, मध्यें धातूची चकती, आणि वरून घाव. अशा नाण्याची कड ओबडधोबड राहत असे आणि लबाड लोक तिचा लाभ घेत. कातरीनें कडेची किनार कापून घ्यावयाची आणि उरलेलें नाणें पूर्ण किमतीनें खपवावयाचें, हा धंदाच होऊन बसला होता. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत, १६६२ पासून, यंत्रानें पाडलेलीं नाणीं नियमानें निघूं लागलीं. मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरें उमटवलीं आणि लहानांच्या कडेवर दांते पाडले. त्या अक्षरांचा अर्थ ‘शोभा आणि संरक्षण’ असा आहे, आणि तो अगदीं शब्दशः खरा होता. कड कापली कीं अक्षरें जात आणि चोरी उघडी पडे.

त्याच सुमाराची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. थॉमस सायमन नांवाचा एक निष्णात ठसेकार क्रॉमवेलच्या अमलांत नाण्यांचे ठसे कोरीत असे. राजसत्ता परत आल्यावर तें काम अँटवर्पकडून आलेल्या रोटिये बंधूंकडे गेलें. सायमननें १६६३ सालीं आपल्या हातचा एक नमुन्याचा क्राउन तयार केला आणि त्याच्या कडेवर दोन ओळींत राजाला उद्देशून अर्ज कोरला. आपलें नाणें प्रतिस्पर्ध्याच्या नाण्याशीं ताडून पाहावें आणि तें सरस ठरल्यास आपणांस आश्रय द्यावा, असा त्या अर्जाचा मतलब. नाण्याच्या कडेची जाडी ती किती! पण अक्षर न् अक्षर वाचतां येतें. सायमनची विनंति फळाला आली नाहीं. १६६५ च्या प्लेगांत तो वारला. तें ‘अर्जाचें नाणें’ मात्र आज इंग्रजी नाण्यांत अत्यंत मौल्यवान गणलें जातें.

पुढें १६९६ सालीं तिसऱ्या विल्यमच्या राज्यांत जुनीं कातरलेलीं रुप्याचीं नाणीं परत घेऊन नवीं पाडण्याचें प्रचंड काम निघालें. त्याच वर्षीं टांकसाळीवर अधिकारी म्हणून नेमला गेला तो आयझॅक न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा हा महापुरुष खोटीं नाणीं पाडणाऱ्यांच्या मागावर अंगें लागला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लंडनची टांकसाळ एकटी पुरेना, म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झेटर, नॉर्विच आणि यॉर्क येथें शाखा निघाल्या. त्या शाखांच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखालीं गांवाचें आद्याक्षर आहे. चेस्टरच्या शाखेंत काम पाहणारा एडमंड हॅले म्हणजे धूमकेतूवाला हॅले. शाळेंत इतिहास शिकवीत असतांना मी मुलांच्या हातांत तिसऱ्या विल्यमचा एक झिजका शिलिंग देत असें. पुस्तकांतील न्यूटन दूरचा वाटतो. पण त्याच्या देखरेखीचें नाणें तळहातावर आलें कीं वर्ग आपोआप शांत होतो.

आतां आपल्या घरांत सांपडण्याचा अधिक संभव असलेल्या नाण्याकडे येऊं. जुन्या पिढींत ज्याला सरसकट गिनी म्हणत, तें बहुतेक वेळां गिनी नसून सॉव्हरिन असतें. खरी गिनी १६६३ पासून १८१४ पर्यंत निघाली. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येणाऱ्या सोन्यावरून तिला हें नांव पडलें, आणि १७१७ सालीं तिची किंमत एकवीस शिलिंग ठरविण्यांत आली. सॉव्हरिन हें वीस शिलिंगांचें नाणें. त्याचें आधुनिक रूप १८१७ पासून सुरू झालें. बेनेडेट्टो पिस्त्रुची या इटालियन कलावंतानें कोरलेला, घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणारा सेंट जॉर्ज त्याच्या पाठीवर बहुधा असतो. त्याचें वजन ७.९८८ ग्रॅम आणि सोनें बावीस कॅरटचें.

आतां दुसरा प्रश्न, विरळपणाचा. नाणें विरळ होतें तें निरनिराळ्या कारणांनीं. कधीं तें मुळांतच थोडें पाडलेलें असतें. १९३३ सालीं इंग्लंडच्या पेढ्यांत पेन्या इतक्या सांठल्या होत्या कीं नव्या पाडण्याची गरजच नव्हती. परंतु इमारतींच्या कोनशिलेखालीं त्या वर्षाचीं नाणीं पुरण्याची चाल असल्यामुळें अगदीं थोड्या पेन्या काढल्या. आज सातच ज्ञात आहेत असें मानतात. लीड्स शहराजवळच्या एका चर्चच्या कोनशिलेखालून चोरांनीं १९७० सालीं ती पेनी पळविली. तेव्हां दुसऱ्या एका चर्चखालची पेनीहि जाईल, या भीतीनें धर्माधिकाऱ्यांनीं ती आपण होऊन काढून विकून टाकली.

कधीं नाणें पाडून देखील चलनांत येत नाहीं. आठव्या एडवर्डनें डिसेंबर १९३६ मध्यें राज्यत्याग केला. त्याच्या नांवाचीं १९३७ सालचीं नमुन्याचीं नाणीं टांकसाळीच्या कपाटांतच राहिलीं. त्यांपैकीं एक सॉव्हरिन २०२० सालीं दहा लक्ष पौंडांना विकलें गेलें.

आणि कधीं नाणीं पाडलीं जातात पुष्कळ, पण वितळून नाहींशीं होतात. तिसऱ्या हेन्रीनें १२५७ सालीं सोन्याची पेनी काढली. तिची ठरविलेली किंमत वीस पेन्स; पण आंतलें सोनेंच त्याहून अधिक मोलाचें निघालें. मग लोक तिला वितळविल्यावांचून कसे राहतील? प्रयोग फसला आणि पेनी दुर्मिळ झाली. अशी एक पेनी डेव्हन परगण्यांतील एका शेतांत सांपडली आणि २०२२ सालच्या लिलांवांत तिला दलालीसह ६,४८,००० पौंड आले.

किती पाडलीं आणि किती उरलीं, हे दोन आंकडे निराळे ठेवावे, हें एका जोडीवरून स्पष्ट होईल. लंडनच्या टांकसाळीनें १९१७ सालीं सुमारें दहा लक्ष सॉव्हरिन पाडलीं. लढाईच्या खर्चापायीं त्यांतलीं बहुतेक अमेरिकेकडे गेलीं आणि वितळलीं, असें समजतात. आज तें नाणें दुर्मिळ आहे. दुसरें उदाहरण आपल्या घरचें. १९१८ सालीं मुंबईच्या टांकसाळींत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा निघाली आणि तेथें १२,९५,३७२ सॉव्हरिन पडलीं. सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या किंचित् वर, इंग्रजी ‘आय’ हें बारीक अक्षर असेल तर तें नाणें मुंबईचें. त्याचें आपणांस अगत्य वाटावें हें स्वाभाविक आहे; परंतु तें १९१७ च्या लंडनी नाण्याइतकें विरळ नाहीं. अभिमानाची किंमत आणि बाजारची किंमत यांची गल्लत होऊं देऊं नये.

तिसरा प्रश्न स्थितीचा, आणि नवशिक्यांचें नुकसान सर्वांत अधिक येथेंच होतें. इंग्रज संग्राहकांनीं नाण्याच्या स्थितीच्या पायऱ्या ठरविल्या आहेत: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड. येथें शब्दांनीं फसूं नये. ‘फाइन’ म्हणजे उत्तम नव्हे. बरेंच झिजलेलें पण मुख्य आकृति स्पष्ट असलेलें नाणें ‘फाइन’ ठरतें. अमेरिकेंत विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं सुचविलेल्या रीतीनें एकपासून सत्तरपर्यंत गुण देतात. रीत कोणतीहि असो, पाहावयाचें एकच. नाण्याचे जे भाग सर्वांत उंच, ते आधीं घासले जातात. म्हणून भिंग घेऊन व्हिक्टोरिया राणीच्या कानावरचे केंस, पांचव्या जॉर्जच्या मिशा आणि दाढी, ब्रिटानियाच्या अंगावरील वस्त्राच्या चुण्या, यांकडे प्रथम पाहावें. दुर्मिळ नाण्यांत एकेका पायरीनें किंमत कित्येक पटींनीं वाढते.

आणि म्हणूनच घरांतील मंडळींस माझी हात जोडून विनंति आहे कीं, जुनें नाणें घांसूं नका. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं चिंच, राख, रांगोळी घेऊन तबकांतलीं नाणीं लखलखीत करण्याची आपली रीत भक्तीची खरी. पण रुप्यावर शंभर वर्षांत चढलेली करडी-निळसर छटा हा मळ नसून त्या नाण्याची कातडी आहे. ती सोलली कीं पुन्हां येत नाहीं, आणि भिंगाखालीं घांसल्याचे ओरखडे जाणत्याला लगेच दिसतात. तसेंच, माळेंत ओंवण्यासाठीं कडी डाकली किंवा भोंक पाडलें, कीं संग्राहकाच्या दृष्टीनें नाणें जायबंदी झालें. पूजेला हवीं तर आजचीं नाणीं घांसावीं. जुन्याला नुसतें फूल वाहावें. नाणें नेहमीं कडेवर धरावें. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत तें ठेवूं नये. अशा कांहीं पाकिटांमुळें नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. स्वच्छ, कोरड्या कागदाचें पाकीट चांगलें. आणि कोंकणपट्टींतल्या पावसाळ्यांत डब्यांत ओल शोषणारी पुडी ठेवावी.

चवथा प्रश्न खरेखोटेपणाचा. येथें एक गोष्ट मी ठासून सांगतों. सोनाराची कसोटी सोनें सांगते. नाणें सांगत नाहीं. १९५० ते १९७० च्या दरम्यान बैरूत आणि इतर ठिकाणीं पुष्कळ बनावट सॉव्हरिन तयार झालीं, आणि त्यांतल्या कित्येकांत सोनें चोख होतें! सॉव्हरिनला बाजारांत सोन्याहून अधिक किंमत येत असे. तो वरचा नफा हाच लबाडांचा लाभ. असें नाणें कसाला उतरेल, पण संग्राहकाला तें सोन्याच्या तुकड्यापलीकडे कांहीं नाहीं. त्याचीं अक्षरें बोथट असतात, सपाट भागावर बारीक खळगे दिसतात, कडेचे दांते विसंगत असतात. कधीं भामटा घाईंत चुकतो: पांचव्या जॉर्जचा मुखवटा आणि मुंबईचें ‘आय’ अक्षर असून साल १९१८ वांचून दुसरें असेल, तर अधिक तपासाची गरजच नाहीं. १९३३ ची पेनी म्हणून दाखविली जाणारी वस्तु तर बहुधा दुसऱ्याच वर्षाची असून तिचा शेवटचा आंकडा कोरून बदललेला असतो.

नुसता मुलामा असेल तर तो पकडण्याची युक्ति आर्किमिडीजनें आपणांस शिकविली आहे. बावीस कॅरट सोनें पाण्याच्या सुमारें साडेसतरापट जड. नाणें बारीक धाग्यानें संवेदनशील तराजूला टांगून पाण्यांत बुडवावें. सॉव्हरिनचें वजन सुमारें ०.४५ ग्रॅमनें कमी भरलें पाहिजे. तेवढ्याच वजनाचें पितळेचें असेल तर ही घट दुपटीहून अधिक येईल. रुप्याच्या नाण्यांना सालच पुष्कळ कांहीं सांगतें: १९२० पूर्वींच्या नाण्यांत हजारीं ९२५ भाग रुपें, १९२० पासून १९४६ पर्यंत निम्में, आणि १९४७ पासून चालू चलनांत रुपें मुळींच नाहीं.

राहिला पांचवा प्रश्न: नाणें आलें कोठून? पुष्कळांना हा प्रश्न गौण वाटतो. मला तो सर्वांत थोर वाटतो. याचें कारण दोन ठेव्यांच्या हकीगतींत आहे. २०१५ सालीं इंग्लंडांत ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनजवळ नवव्या शतकाचा एक ठेवा सांपडला. शोधणारानें तो कायद्याप्रमाणें कळविला; तज्ज्ञांनीं मातीच्या ढेकळासह तो उचलला. त्यांत १८६ नाणीं होतीं. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा सिओलवुल्फ, या दोघांनींहि शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन सम्राटांचें एकच चित्र आपापल्या नाण्यांवर घेतलेलें त्यांत दिसलें. आल्फ्रेडच्या पक्षाच्या बखरींत सिओलवुल्फला परकीयांच्या हातचें बाहुलें म्हणून हिणविलें आहे. नाणीं मात्र सांगतात कीं, हे दोघे एके काळीं बरोबरीचे मित्र होते. विजेत्यानें लिहिलेला इतिहास ओंजळभर रुप्यानें दुरुस्त केला! ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयानें २०१७ सालीं तो ठेवा साडेतेरा लक्ष पौंडांना घेतला.

त्याच वर्षीं हिअरफर्डशायरमधील लेमिन्स्टरजवळ त्याच काळाचा दुसरा ठेवा दोघा जणांना सांपडला. नाणीं सुमारें तीनशें असावीं. त्यांनीं तो लपविला आणि चोरून विकावयास काढला. २०१९ सालीं दोघांना तुरुंगवास झाला. पण त्या वेळपर्यंत हातीं लागलीं होतीं अवघीं एकतीस नाणीं. हा ठेवा नीट कळविला असता तर १९९६ च्या कायद्यानें त्याचें रास्त बक्षीस मिळण्याची सोय होती. बाकीचीं नाणीं कोणाच्या तरी पेटींत असतील. पण तीं कोठें, कोणाबरोबर, कोणत्या क्रमानें पुरलेलीं होतीं हें ज्ञान कायमचें गेलें. नाणें चोरणारा पैसा चोरतो; नाण्याचा ठावठिकाणा पुसणारा मात्र साऱ्या समाजाची आठवण चोरतो. म्हणून विकत घेतांना पावती, पूर्वींच्या मालकीचा दाखला, जुनें पाकीट, लिलांवाचा क्रमांक, जें मिळेल तें मागून घ्यावें. ‘स्वस्त आहे, विचारूं नका’ असें म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या दुकानाची पायरी न चढलेली बरी. आपल्याकडेहि शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तूंत मोडतात आणि तीं खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

ज्यांना हा छंद आरंभावयाचा आहे त्यांनीं राजेरजवाड्यांच्या सोन्यानें सुरुवात करूं नये. व्हिक्टोरिया राणीच्या काशाच्या पेन्या घ्याव्या. त्या १८६० पासून निघाल्या. १८९४ पर्यंत राणीच्या केंसांचा अंबाडा आणि १८९५ पासून डोक्यावर पदर. एकेका सालाची एक पेनी जमवावयास घेतली तर बहुतेक थोड्या खर्चांत मिळतात. १८६९ सारखें एखादें साल मात्र धीराची परीक्षा पाहतें. आधीं पुस्तक घ्यावें, मग नाणें. पांच वाईट नाण्यांपेक्षां एक चांगलें घ्यावें. आणि विकण्याचा प्रसंग आलाच, तर एका दुकानीं किंमत ऐकून हुरळूं नये किंवा खचूं नये. निदान तीन जाणत्यांना विचारावें.

शेवटीं एकच सूचना. आज घरीं असलेलें प्रत्येक जुनें नाणें एका कागदी पाकिटांत घाला आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: हें कोणाचें, कोठून आलें, घरांत केव्हांपासून आहे. घरांतील वडील माणसें ही माहिती सांगूं शकतील तोंवरच ती लिहून घेतली पाहिजे. नाणें तिजोरींत शंभर वर्षें टिकेल. आजोबांची आठवण मात्र चिठ्ठीवांचून टिकणार नाहीं.